दुधाच्या दाताच्या रूट कॅनालमध्ये भरतात काय, आणि कुठलं भरलेलं बरं?

परवा एका मुलाचे बाबा मोबाईलमध्ये दोन चिठ्ठ्यांचे फोटो घेऊन आले. मुलगा साडेचार वर्षांचा, खालची शेवटची दुधाची दाढ किडून नस गेलेली, हिरडीवर पुवाची बारीक पुटकुळी. एका चिठ्ठीवर 'पल्पेक्टमी, मेटापेक्स' असं लिहिलेलं, दुसऱ्या चिठ्ठीवर 'पल्पेक्टमी, झेडओई' (पल्पेक्टमी म्हणजे दुधाच्या दाताची रूट कॅनाल, आणि पुढची नावं आत भरायच्या औषधांची), आणि त्यांचा प्रश्न एकदम सरळ होता, मॅडम यातलं चांगलं कुठलं? मी लहान मुलांच्या दातांचीच डॉक्टर आहे, इथे कोकणात प्रॅक्टिस करते, तरी या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. त्यांना समजावता समजावता वीस मिनिटं गेली आणि बाहेर पेशंट ताटकळले, म्हणून आता तेच नीट लिहून काढते, म्हणजे इतर आईबाबांनाही वाचता येईल.

आधी एक गोष्ट करून बघा. आपल्याकडे दुधाचा दात पडला की छपरावर फेकतात नाहीतर तुळशीत पुरतात. पुढच्या वेळी फेकायच्या आधी तो दात उलटा करून बघा. खाली मूळ नसतंच, नुसता वरचा भाग असतो आणि आतून पोकळ. बऱ्याच जणांना वाटतं दुधाच्या दातांना मुळं नसतातच, पण तसं नाही, मुळं असतात आणि दाढांची तर चांगली लांब आणि फाकलेली असतात. कायमचा दात खालून वर यायला लागला की शरीरातल्या खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवत नेतात, मूळ संपलं की दात हलतो आणि पडतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण दुधाच्या दाताच्या मुळात आपण जे काही भरणार ते त्या मुळाबरोबरच विरघळून गेलं पाहिजे, मुळाच्या आधीही नको आणि मुळानंतर मागेही राहायला नको.

मोठ्या माणसांच्या रूट कॅनालमध्ये गटापर्चा भरतात, मलायातल्या एका झाडाच्या चिकापासून बनणारा रबरासारखा पदार्थ, त्याच्या बारीक गुलाबी-केशरी काड्या येतात. तो शरीरात विरघळत नाही आणि मोठ्यांच्या दातात नेमकं तेच हवं असतं, दात आयुष्यभर टिकवायचाय ना. तीच काडी दुधाच्या दातात घातली तर मूळ विरघळून जाईल, काडी तशीच राहील आणि खालून येणाऱ्या नव्या दाताच्या वाटेत आडवी येईल. म्हणून "मला केलं तेच माझ्या मुलीला करा ना डॉक्टर" असं कुणी म्हणालं तर ते करता येत नाही. एकच अपवाद आहे, काही मुलांना खालचा कायमचा दात जन्मतःच नसतो, एक्सरेत तिथे कळी दिसतच नाही, आणि खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या, म्हणजे दुधाच्या शेवटच्या दाढेच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताच्या बाबतीत हे बऱ्यापैकी बघायला मिळतं. अशा वेळी तीच दुधाची दाढ शक्य तितकी वर्षं टिकवायची असते, मग तिथे गटापर्चा किंवा एमटीए नावाचं न विरघळणारं सिमेंट वापरतात.

आता घरातल्या आजी हमखास विचारतात, पडणारच आहे तर काढून टाका की, एवढा खटाटोप कशाला. पुढचे दात सहा-सात वर्षांचं मूल झालं की पडायला लागतात हे खरं, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. साडेचार वर्षांच्या मुलाची दाढ काढली तर सहा-सात वर्षं तिथे रिकामी जागा. त्यात सहाव्या वर्षी त्या दाढेच्या मागून पहिली कायमची दाढ येते आणि पुढे कुणी आडवायला नसलं की ती पुढे सरकते, म्हणजे खालच्या उपदाढेची जागा खाऊन टाकते, मग तो दात वाकडा येतो नाहीतर आतच अडकतो. दाढ काढावीच लागली तर जागा धरून ठेवायला स्पेस मेन्टेनर बसवतात, पण खऱ्या दाढेएवढा चांगला स्पेस मेन्टेनर कुठे मिळत नाही. आणि किडलेली दाढ तशीच पू साठू देत ठेवली तर मुळांच्या मध्येच बसलेल्या कायमच्या दाताच्या कळीला धक्का बसू शकतो, मग तो दात वर येतो तोच पिवळट तपकिरी डाग आणि खड्डे घेऊन.

तर मुळात भरायचं काय. या औषधांची नावं ऐकून लोक घाबरतात, पण आत काय आहे ते बघितलं तर अर्ध्या गोष्टी घरातल्या निघतात. झेडओई म्हणजे झिंक ऑक्साईड आणि युजेनॉल. झिंक ऑक्साईड म्हणजे जस्ताची पांढरी पूड, कॅलामाईन लोशनमध्ये असते तीच, बाळाला रॅश आल्यावर लावायच्या क्रीममध्ये पण असते. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दाढ दुखली की लवंग धरायची हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, ते याच युजेनॉलमुळे. मेटापेक्स, व्हिटापेक्समध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साईड असतं, म्हणजे सोप्या शब्दात विरवलेला चुना, पानाला लावतात तोच पदार्थ, फक्त औषधासाठी शुद्ध केलेला. सोबत आयोडोफॉर्म, पिवळी पूड, उग्र वास, पूर्वी जखमांच्या पट्टीवर वापरायचे. पण हे वाचून घरी दाढेत चुना किंवा लवंगेचं तेल ओतू नका हां, खरंच सांगते, नुसतं लवंगेचं तेल हिरडीवर सांडलं तर चामडी भाजते, असं तोंड घेऊन आलेली लहान मुलं मी बघितली आहेत आणि त्यांचं रडणं बघवत नाही.

झेडओई सगळ्यात जुनं. दुधाच्या दातांच्या मुळात भरायला म्हणून ते १९३० साली सुचवलं गेलं आणि अजून जगभर वापरात आहे. पूड आणि तेल काचेच्या पाटीवर घोटून लापशीसारखं करायचं आणि मुळात ढकलायचं, क्लिनिकभर लवंगेचा वास सुटतो. जंतू मारतं, एक्सरेत ठळक पांढरं दिसतं त्यामुळे कुठपर्यंत भरलं गेलं ते कळतं, स्वस्त आहे, आणि मुळात घट्ट बसून राहतं. दमट हवेत ते पटकन सेट होतं, त्यामुळे आमच्याकडे जुलैमध्ये घोटलं की हात भराभर चालवावा लागतो. याचे दोष दोन. एक म्हणजे ते कडक होतं आणि मुळापेक्षा हळू विरघळतं, त्यामुळे दात पडायची वेळ आली तरी कण मागे राहू शकतात, क्वचित नवा दात त्या कडक गोळ्याला वळसा घालून थोडा तिरका येतो. दुसरं म्हणजे मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर तिथल्या हाडाला त्रास देतं आणि बाहेर गेलेला भाग विरघळायला महिनेच काय, वर्षं पण लागू शकतात. म्हणून झेडओई भरताना मुळाच्या टोकाच्या किंचित अलीकडे थांबायचं असतं, थोडं कमी भरलं गेलं तर चालतं पण जास्त नको.

मग आयोडोफॉर्मच्या पेस्ट आल्या. जुनी क्रि पेस्ट, तिच्यात जवळपास ८० टक्के आयोडोफॉर्मच आणि बाकी कापूर, मेन्थॉल, पॅराक्लोरोफिनॉल. ती जंतूंवर जोरदार आणि मुळाबाहेर गेली तरी शरीर चटकन साफ करतं. पुढे जपानमधून व्हिटापेक्स आणि कोरियातून मेटापेक्स आलं, आयोडोफॉर्म अधिक कॅल्शियम हायड्रॉक्साईड आणि सोबत सिलिकॉन तेल. ही पेस्ट तयार सिरिंजमध्येच येते, बारीक टोक मुळात घालायचं आणि दाबत दाबत मागे यायचं, घोटायची भानगड नाही. खुर्चीत तीन वर्षांचं मूल हातपाय झाडत असतं तेव्हा ही सोय किती मोठी असते ते करणाऱ्यालाच कळतं, पाच मिनिटं वाचणं म्हणजे मुलाचं पाच मिनिटांचं रडणं वाचणं. ती कडक होत नाही, टोकाबाहेर गेली तर काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत विरघळून जाते, नव्या दाताच्या कळीला त्रास नाही.

इतकं चांगलं आहे तर सगळीकडे हेच का नाही भरत? कारण ते जास्तच चांगलं विरघळतं. मुळाबाहेरचं विरघळतं तसं मुळाच्या आतलं पण विरघळत जातं, मूळ अजून जागेवर असताना. वर्षा-दीड वर्षाने एक्सरे काढला तर मूळ अख्खं आणि आत रिकामी नळी. ती नळी रिकामी राहिली म्हणजे दात लगेच बिघडतो असं नाही, कितीतरी मुलं त्या दाताने मजेत चावत असतात आणि हिरडी पण छान असते. पण पोकळी म्हणजे ओलावा आणि जंतूंना परत शिरायला जागा, आणि दात अजून पाच वर्षं टिकवायचा असेल तर मला ती जोखीम नको वाटते. लहान मुलांच्या दंतवैद्यांच्या अमेरिकन संघटनेने २०२० साली यावर मार्गदर्शन काढलं, त्यांचंही म्हणणं असंच आहे की लांबचा पल्ला बघितला तर झेडओई, आणि झिंक ऑक्साईड, आयोडोफॉर्म, कॅल्शियम हायड्रॉक्साईड या तिन्हींचं मिश्रण, हे दोन्ही नुसत्या आयोडोफॉर्मवाल्या पेस्टपेक्षा जास्त टिकाऊ ठरतात.

तिन्हींचं मिश्रण म्हणजे एंडोफ्लास. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही पूड, हिच्यात निम्म्याहून जास्त झिंक ऑक्साईड, साधारण ४० टक्के आयोडोफॉर्म, थोडं कॅल्शियम हायड्रॉक्साईड, एक्सरेत दिसावं म्हणून बेरियम सल्फेट, आणि ती कालवायची युजेनॉल घातलेल्या द्रवात. गंमत अशी की टोकाबाहेर गेलेलं एंडोफ्लास विरघळतं पण मुळाच्या आतलं बऱ्यापैकी टिकून राहतं आणि मूळ जाईल तसं जातं, म्हणजे आपल्याला जे हवं त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं. दोष म्हणजे घोटावं लागतं आणि आयोडोफॉर्ममुळे दाताला पिवळसर झाक येऊ शकते, दाढेवर कॅप बसणार असते त्यामुळे तिथे फरक पडत नाही पण पुढच्या दातात आईबाबांना ते खटकतं.

आता निवड. मी एक्सरे लावला की पहिला हिशोब हाच करते की हा दात अजून किती वर्षं लागणार आहे. वर सांगितलेल्या साडेचार वर्षांच्या मुलाची खालची मागची दाढ म्हणजे सहा-सात वर्षांची नोकरी बाकी, मुळं एक्सरेत पूर्ण, कुठे खाल्लेली नाहीत, तिथे मी झेडओई किंवा एंडोफ्लास भरेन. म्हणजे त्या बाबांच्या दोन चिठ्ठ्यांमधली स्वस्त चिठ्ठी माझ्या मते जास्त बरोबर होती, हे ऐकून त्यांना जरा धक्काच बसला कारण त्यांना वाटलेलं इम्पोर्टेड सिरिंज म्हणजे भारी. उलट आठ वर्षांची मुलगी आहे, पुढची दुधाची दाढ दुखतेय, मुळाची टोकं थोडी विरघळायला लागलीत आणि दात वर्ष-दीड वर्षात पडायचा अंदाज आहे, तर तिथे मेटापेक्ससारखी पेस्ट छान काम करते. एकतर टोकं आधीच उघडी झालीयत त्यामुळे काहीतरी बाहेर जाणारच, आणि दुसरं म्हणजे दातच जाणार आहे तर पेस्ट लवकर गेली म्हणून काय बिघडलं. अडीच वर्षांच्या बाळाचे वरचे पुढचे दात, रात्रभर दुधाची बाटली तोंडात ठेवून किडलेले, तिथे मी रंगाचा विचार आधी करते आणि मुलाच्या बसण्याचा पण, कधीकधी सिरिंजवाली पेस्ट हाच एकमेव शक्य असलेला मार्ग असतो आणि ते चुकीचं नाही.

काही दातांमध्ये मात्र काहीच भरू नये. मुळं निम्म्याच्या आसपास संपली आहेत, दोन मुळांमधलं हाड जाऊन काळा डाग थेट नव्या दाताच्या कळीपर्यंत पोचलाय, दाढेच्या तळालाच भोक पडलंय, किंवा वर कॅप बसायला पुरेसा दातच उरला नाही, तर काढलेला बरा. मधली अवस्था असते, मुळं थोडी खाल्लीत पण दात अजून वर्षभरापुरता जागा धरायला हवाय, तिथे जपानमधल्या निगाता विद्यापीठातून आलेली एक पद्धत वापरतात, मुळं खरवडायचीच नाहीत, फक्त तळाशी अँटिबायोटिक्सची पेस्ट ठेवून वरून बंद करायचं. मूळ मिश्रणात सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन अशी तीन औषधं होती, पण मिनोसायक्लिन टेट्रासायक्लिनच्या कुटुंबातलं, दातांना रंग आणणारं, म्हणून लहान मुलांत आता ते काढून दुसरं औषध घालायला सांगतात. कुणी ही पेस्ट सुचवली तर तिसरं औषध कुठलं आहे ते जरूर विचारा.

एक गोष्ट मला अगदी कळकळीने सांगायचीय. भरायचं काय याची चर्चा होते तितकी आत साफ कसं केलं याची होत नाही, आणि दात टिकतो तो साफसफाईवर. दुधाच्या दाढेची मुळं चपटी, वाकडी, रिबिनीसारखी असतात, एका नळीतून दुसरीत जाणारे बारीक फाटे असतात, तिथे कुठलीच फाईल, म्हणजे मूळ आतून खरवडायची बारीक सुई, पूर्ण पोचत नाही, म्हणून सोडियम हायपोक्लोराईटने परत परत धुवावं लागतं. दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावला तर लाळ आत जात नाही आणि ते पाणी मुलाच्या घशात जात नाही. हल्ली दुधाच्या दातांसाठी मुद्दाम आखूड केलेल्या मशीनच्या फाईल्स मिळतात, चेन्नईत तयार झालेल्या केडो-एस फाईल्स आपल्याकडे बरेच डॉक्टर वापरतात, वेळ खूप वाचतो. पण घाईघाईत अर्धवट साफ केलेल्या मुळात जगातली सगळ्यात महागडी पेस्ट भरली तरी सहा महिन्यांत पुटकुळी परत येते.

आणि कॅप. रूट कॅनाल झाली, दुखायचं थांबलं, की निम्मे लोक कॅप बसवायला येतच नाहीत. स्टीलची कॅप दिसायला चंदेरी म्हणून नको वाटते, खर्च पण असतो, मला समजतं. पण नस काढलेली दाढ वरून पोखरलेली असते, चकली-फुटाणा चावताना तडकते आणि तडकली की लाळ आत, जंतू आत, सगळी मेहनत गेली. १९५० पासून स्टीलच्या कॅप दुधाच्या दाढांवर बसवल्या जातायत आणि अजून त्यांच्याइतकं भरवशाचं काही दाढेसाठी नाही, रंग हवा असेल तर झिरकोनियाच्या पांढऱ्या कॅप मिळतात पण त्यांना दात जास्त घासावा लागतो. कॅपखाली झेडओई असेल तर त्यावर थेट कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) लावत नाहीत, युजेनॉलमुळे ते नीट घट्ट होत नाही, मध्ये ग्लास आयोनोमर नावाच्या सिमेंटचा थर देतात. खर्चाची अडचण असेल तर सरकारी डेंटल कॉलेज बघा, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात बांबोळीला, तिथे लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. गर्दी असते, दोन-तीन फेऱ्या होतात, पण काम शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेखाली होतं.

डॉक्टरकडे जाल तेव्हा काही गोष्टी आपणहून सांगा. मुलाला हृदयाचा जन्मजात आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर पहिल्या मिनिटाला सांगा, अशा मुलांमध्ये बऱ्याचदा नस गेलेला दात ठेवण्यापेक्षा काढणं जास्त सुरक्षित ठरतं. आयोडीनची ॲलर्जी असेल तर तेही, म्हणजे आयोडोफॉर्मवाली पेस्ट टाळता येईल. आणि विचारा, बिनधास्त विचारा, काय भरणार आहात, का, आणि एक्सरे दाखवाल का. भरल्यानंतरचा एक्सरे मागून मोबाईलमध्ये ठेवून द्या, कारण दोन वर्षांनी दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर मुळात काय होतं आणि कुठपर्यंत होतं हे त्याच फोटोवरून कळतं.

पुढे दर सहा महिन्यांनी दाखवायला या, दुखत नसलं तरी. हिरडीवर पुटकुळी परत दिसली, चावताना दुखलं, वयाच्या मानाने दात खूप लवकर हलायला लागला तर थांबू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडं ठणकतं, ते चालतं.

आणि एक दिवस ती दाढ कॅपसकट पडेल. मुलं फार खूश होतात, चांदीचा दात पडला म्हणून शाळेत दाखवायला नेतात. तेव्हा तो उलटा करून बघा. आत मूळ नाही आणि पेस्टही नाही असं असेल तर झालं काम. आत किंवा हिरडीत पांढरा कडक खडा दिसला, किंवा सहा महिने होऊन गेले तरी त्या जागी नवा दात डोकावला नाही, तर एक छोटा एक्सरे काढून घ्या. बऱ्याचदा झेडओईचा तुकडाच असतो, हिरडीत अगदी वरच असला तर चिमट्याने निघतो, आणि मग नवा दात सहसा आपल्या वाटेने वर येतो.